वैश्विक तंतूंच्या जाळ्याची उत्क्रांती: क्षेत्र-सिम्युलेशनवरून व्हीओएस मॉडेलचे गुणांक काढणे — प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रश्न असा: प्रसरणशील विश्वात कॉस्मिक स्ट्रिंगचे, म्हणजे वैश्विक तंतूंचे (आरंभीच्या विश्वात बनले असावेत असे मानले जाणारे ऊर्जेचे अतिबारीक धागे), जाळे ऊर्जा गमावते ती किती आणि कोणत्या वाटेने?

मार्टिन्स आणि शेलार्ड यांचे १९९६ चे व्हीओएस (वेगावर अवलंबून, एकाच अंतर-मापाचे) मॉडेल अख्खे जाळे दोन राशींत बसवते: तंतूंमधले सरासरी अंतर ल आणि वर्गमध्यमूळ वेग व. अंतराच्या वाढीचा दुप्पट दर = २हल(१ + व²) + चव. वेगाच्या वाढीचा दर = (१ − व²)(क/ल − २हव). इथे ह हा हबल दर, क हा तंतूच्या वाकडेपणावर व वेगावर ठरणारा गुणांक, आणि च हा जाळ्यातून लूप (बंद कड्या) तुटून जाण्याची कार्यक्षमता सांगणारा गुणांक.

अडचण च मध्ये आहे. शून्य जाडीच्या नंबु-गोटो तंतूंसाठी च = ०.२३ ± ०.०४. अ‍ॅबेलियन-हिग्ज क्षेत्रसिद्धांताच्या (ज्यात तंतूला जाडी असते आणि तो लाटा सोडू शकतो) सिम्युलेशनवरून मूर, शेलार्ड व मार्टिन्स यांनी २००२ मध्ये काढलेला च = ०.५७ ± ०.०४. हा फरक किरकोळ नाही. क साठी प्रचलित वैश्लेषिक सूत्र वापरून स्थिर-प्रमाण अवस्था (ल काळाच्या प्रमाणात वाढते आणि व स्थिर राहतो ती) सोडवली की असे आकडे येतात:

च = ०.२३: प्रारण-प्रधान काळात ल/काल = ०.२७, व = ०.६६, द्रव्य-प्रधान काळात ०.६३ आणि ०.५८.
च = ०.५७: प्रारण-प्रधान ०.५७ आणि ०.६२, द्रव्य-प्रधान ०.९७ आणि ०.५२.

घनता ल च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे प्रारण-प्रधान काळात त्याच आकारमानात नंबु-गोटो जाळ्यात चौपटीहून जास्त तंतू असतात. याची किंमत निरीक्षणांत मोजावी लागते: प्लँक उपग्रहाच्या २०१३ च्या विश्लेषणात तंतूच्या ताणावरची मर्यादा (जी-म्यू, प्रकाशवेग १ धरून) नंबु-गोटोसाठी १.५ × १०⁻⁷ आणि अ‍ॅबेलियन-हिग्जसाठी ३.२ × १०⁻⁷ आली.

०.५७ या एका आकड्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत असे धरून चाललो आहोत: लूप तुटणे, आणि तंतूने स्वतःच जड कणांच्या लाटा सोडणे. दोन्ही वेगळ्या करायच्या तर प्रारण आणि द्रव्य हे दोनच प्रसरण-दर पुरणार नाहीत.

९ जानेवारी

ग्रिडची मांडणी ठरली. प्रत्येक बिंदूवर संमिश्र स्केलर क्षेत्राचे २ आकडे, त्याच्या वेगाचे २, तीन दिशांच्या लिंकवरचे गेज क्षेत्र ३, विद्युत क्षेत्र ३. एकूण १०. डबल प्रिसिजनमध्ये बिंदूमागे ८० बाइट, म्हणून ५१२³ चा डबा बरोबर १० गिबीबाइट, १०२४³ चा ८०, २०४८³ चा ६४०.

गेज चार्ज १, स्केलर कपलिंग २, निर्वात मूल्य १. या निवडीत स्केलर व गेज कणांची वस्तुमाने सारखी (२ चे वर्गमूळ) येतात. या क्रांतिक स्थितीत सरळ तंतूची प्रति-एकक-लांबी ऊर्जा नेमकी २π, म्हणजे ६.२८३. तपासणीसाठी याहून सोयीचा आकडा नाही. ग्रिड अंतर ०.५, काळाची पायरी ०.१. स्थैर्याची मर्यादा ०.५ भागिले ३ चे वर्गमूळ, म्हणजे ०.२८९, तिच्या बरेच आत आहोत.

तंतूची भौतिक जाडी कायम असते, पण ग्रिड कोमूव्हिंग, म्हणजे विश्वाबरोबर ताणले जाणारे, आहे, त्यामुळे ग्रिडवर तंतू बारीक होत जातो: प्रारण-प्रधान काळात कॉन्फॉर्मल काळाच्या (प्रकाश ग्रिडवर एकसमान चालेल असा मोजलेला काळ) व्यस्त प्रमाणात, द्रव्य-प्रधान काळात त्याच्या वर्गाच्या. शेवटी तो दोन बिंदूंच्या मधे हरवतो. प्रेस, रायडन आणि स्पर्गेल यांची १९८९ ची युक्ती (मुळात डोमेन वॉलसाठीची) वापरायची: चार्ज आणि कपलिंग काळानुसार असे कमी करायचे की कोमूव्हिंग जाडी स्थिर राहील. नोंदींत जाडीचा घातांक स असा लिहू: स = १ म्हणजे खरी भौतिकी, स = ० म्हणजे स्थिर कोमूव्हिंग जाडी. बदलता चार्ज आधी क्रियेत घालायचा आणि मग समीकरणे काढायची. थेट समीकरणांत हात घालून चार्ज बदलला तर गाऊसचा नियम (विद्युत क्षेत्र आणि विद्युतभार यांचा मेळ) मोडतो.

१५ जानेवारी

प्रसरण बंद ठेवून एकट्या तंतूची चाचणी. नियतकालिक डब्यात एकूण वळसा संख्या (तंतूभोवती फिरताना फेज किती पूर्ण फेरे घेते ती) शून्य असावीच लागते, त्यामुळे तंतूसोबत प्रतितंतू ठेवावा लागतो. दोघांत जाडीच्या कित्येक पट अंतर ठेवले की आकर्षण घातांकी दराने नगण्य होते. ऊर्जा मोजताना जोडीसाठी ४π शी तुलना करायची, हे विसरणे सोपे आहे.

ग्रिड अंतर निम्मे केल्यावर ऊर्जेतली त्रुटी चौथ्या हिश्शावर यायला हवी. तशी येते, स्केलरच्या आणि लिंकच्या पदांचे विविक्तीकरण सारख्याच दर्जाचे आहे याची ही खूण.

मग तोच तंतू लोरेंट्झ रूपांतराने वेग देऊन सोडला. ०.६ वेगाला जाडी ०.७१ वरून ०.५७ वर येते, ग्रिडला झेपते. ०.९ वेगाला लोरेंट्झ गुणक २.२९, जाडी ०.३१, म्हणजे ग्रिड अंतराहून कमी. अशा तंतूला प्रत्येक बिंदू ओलांडताना छोटा अडसर लागतो, तो कापत लाटा सोडतो आणि मंदावतो. हा निव्वळ ग्रिडचा परिणाम आहे, पण जाळ्यात कस्पच्या (तंतू क्षणभर दुमडून टोकदार होतो त्या बिंदूच्या) जवळ तंतू याच वेगाला जातात. म्हणून ०.५ अंतरावरचे प्रारण थोडे फुगलेलेच असणार. काही रन ०.२५ अंतरावर करून तो वाटा मोजावा लागेल.

वेगाचा मापक इथेच तपासला. र = स्केलर वेगाच्या वर्गाची बेरीज भागिले स्केलर ग्रेडियंटच्या वर्गाची बेरीज, दोन्हींना लग्रांजियन (गतिज वजा स्थितिज ऊर्जेसारखी राशी) घनतेचे वजन. व² = २र/(१ + र). सरळ तंतूसाठी सिद्धता दोन ओळींची: गतीच्या दिशेचा निम्मा ग्रेडियंट लोरेंट्झ गुणकाच्या वर्गाने वाढतो, दुसरा निम्मा तसाच राहतो, म्हणून र = व²/(२ − व²).

२१ जानेवारी

सुरुवातीची स्थिती. प्रत्येक बिंदूवर स्केलरची लांबी १, फेज यादृच्छिक. गेज क्षेत्र, स्केलर वेग आणि विद्युत क्षेत्र सगळे शून्य. वेग आणि विद्युत क्षेत्र दोन्ही शून्य असल्याने गाऊसचा नियम आपोआप पाळला जातो, आणि लीपफ्रॉग पद्धत (क्षेत्र आणि वेग आळीपाळीने पुढे नेणारी) तो पुढे पूर्णांकनाच्या त्रुटीइतका अचूक टिकवते. स्केलरला यादृच्छिक वेग देण्याचा मोह टाळावा. त्यातून प्रत्येक बिंदूवर जो खोटा विद्युतभार बसतो, तो शेवटच्या पायरीपर्यंत हलत नाही, कारण समीकरणे त्याला जपतात.

शेजारच्या बिंदूंच्या फेजचा एकमेकींशी संबंध नसल्याने सुरुवातीला ग्रेडियंट ऊर्जा अफाट असते. ती आधी विसरणाने निवळवली: पहिल्या क्रमाच्या प्रवाह-समीकरणाने काही पायऱ्या, मग वेग पुन्हा शून्य. निवळवणे फार लांबवू नये. तंतू विरळ होतात, पुढे पुरेशी आकडेवारी उरत नाही, आणि डब्याएवढे लांब सरळ तंतू शिल्लक राहतात जे कधीच स्थिर-प्रमाण गाठत नाहीत.

वाचस्पती आणि विलेंकिन यांच्या १९८४ च्या तीन-फेजच्या मांडणीत सुमारे ८० टक्के लांबी अनंत तंतूंत होती. आपल्या सलग फेजच्या आणि निवळवलेल्या क्षेत्रात नेमके तेवढेच यावे अशी अपेक्षा नाही. लांबीचा बहुतांश भाग डबा ओलांडणाऱ्या तंतूंत आहे एवढे पाहणे पुरे.

२९ जानेवारी

५१२³, प्रारण-प्रधान, स = ०. डब्याची बाजू २५६. दोन विरुद्ध दिशांनी निघालेले प्रकाशसंकेत १२८ एकक काळानंतर भेटतात, तिथेच थांबायचे. त्यापुढची आकडेवारी कितीही गुळगुळीत दिसली तरी ती डब्याची आहे, विश्वाची नव्हे.

लांबी दोन पद्धतींनी मोजली. पहिली: गेज-अविकारी वळसा संख्या काढून तंतूने भेदलेल्या चौकटी मोजायच्या. ही लांबी जिन्याच्या पायऱ्यांवरून मोजलेल्या उतारासारखी फुगते. सर्व दिशा सारख्याच संभाव्य असतील तर फुगवटा सरासरी ३/२ पट, म्हणून २/३ ने गुणायचे. दुसरी: लग्रांजियनची एकूण बेरीज उणे करून २π ने भागायची. तंतूवर लग्रांजियन उणे असते, आणि मुक्त लाटांत तिची सरासरी शून्याजवळ, त्यामुळे प्रारणाचा कचरा आपोआप गळतो. निव्वळ ऊर्जा घनतेवरून लांबी काढली तर तो सगळा कचरा तंतू म्हणून मोजला जातो. सुरुवातीच्या काळात दोन्ही पद्धतींत फरक पडतो, नंतर त्या समांतर चालतात. त्या समांतर होईपर्यंतचा काळ जुळवणीतून सरसकट वगळायचा.

आता मुख्य मुद्दा. अंतर ल काळाच्या प्रमाणात वाढते असे म्हणताना प्रत्यक्षात ल = चढ × (काळ − विस्थापन) अशी रेषा मिळते, आणि विस्थापन सुरुवातीच्या स्थितीवर अवलंबून असते. समजा चढ ०.२९ आणि विस्थापन −३०. मग काळ ६४ ला ल/काळ = ०.४३, काळ १२८ ला ०.३६. गुणोत्तर पाहणारा म्हणेल की जाळे अजून स्थिर-प्रमाणात आलेले नाही. चढ पाहणाऱ्याला दिसेल की ते केव्हाच आले. या प्रकल्पात सगळीकडे चढच वापरायचा. गुणोत्तराचे आलेख काढायचेच नाहीत. ते दिशाभूलच करतात.

मॉडेलशी तुलना करताना परिमाणे बदलावी लागतात: मॉडेलच्या आकड्यांतला काल हा भौतिक, सिम्युलेशनमधला काळ कॉन्फॉर्मल. स्केल फॅक्टर (विश्वाच्या ताणाचे माप) कालाच्या म घाताने वाढत असेल तर कोमूव्हिंग चढ = (१ − म) × ल/काल. वरचे आकडे या भाषेत: च = ०.२३ साठी प्रारण ०.१४ व द्रव्य ०.२१; च = ०.५७ साठी ०.२९ व ०.३२. अ‍ॅबेलियन-हिग्जच्या प्रसिद्ध सिम्युलेशनमध्ये चढ ०.३ च्या आसपास येतो. आपलाही तिथेच. ०.१४ जवळपासही नाही.

६ फेब्रुवारी

वेगाचे दोन मापक जुळत नाहीत. ग्रेडियंटवरचा (१५ जानेवारीचा) आणि दाब-घनता गुणोत्तरावरचा. दुसऱ्यात व² = ½(१ + ३ × दाब/घनता), दोन्ही राशी लग्रांजियनच्या वजनाने. एकट्या सरळ तंतूवर दोन्ही एकच उत्तर देतात, म्हणजे सूत्रांत चूक नाही. फरक वजनातून येतो: वजन असूनही तंतूलगतच्या लाटांचा काही अंश शिरतो, आणि दाबात शिरतो तेवढा ग्रेडियंटच्या गुणोत्तरात शिरत नाही. फरक हा प्रणालीगत त्रुटी म्हणून धरायचा. सरासरी काढून लपवायचा नाही. पुढे कळेल की वेगातली त्रुटीच सगळ्यात महाग पडते.

१७ फेब्रुवारी

प्रसरणाचे अकरा दर ठरवले: म = ०.४५, ०.५, ०.५५, ०.६, २/३, ०.७, ०.७५, ०.८, ०.८५, ०.९, ०.९५.

जलद प्रसरणाच्या रनमध्ये सुरुवातीच्या पायऱ्यांत क्षेत्राचा वेग दर पायरीला चिन्ह बदलत होता. कारण अवमंदनात. अवमंदनाचे पद आपण मागच्या-पुढच्या वेगांच्या सरासरीवर लावतो, म्हणून नवा वेग = [(१ − ड) × जुना वेग + पायरी × बल] ÷ (१ + ड), जिथे ड = म/(१ − म) × पायरी/काळ. म = ०.९५ ला म/(१ − म) = १९; काळ १ ला सुरुवात केली तर ड = १.९, आणि जुन्या वेगाचा गुणक −०.३१. पद्धत फुटत नाही, म्हणून कुठलाही इशारा मिळत नाही. ती फक्त खोटी भौतिकी चालवते. प्रारण-प्रधान रनमध्ये ड = ०.१ असल्याने हे दिसतच नाही.

उपाय: सगळे रन काळ १० पासून. म = ०.९५ ला ड = ०.१९. पायरी लहान करूनही साधले असते, पण मग अकरा दरांची पायरी वेगवेगळी आणि तुलनेत एक अनावश्यक चल. सुरुवात पुढे ढकलल्याने वाया जाते ते काहीच नाही, कारण त्या काळातली आकडेवारी वापरायची नव्हतीच.

स = ० मध्ये विद्युत क्षेत्रालाही तेवढेच अवमंदन लागते. स = १ मध्ये विद्युत क्षेत्राचे अवमंदन शून्य होते. कोडमध्ये हे (१ − स) च्या गुणकाने आपोआप व्हावे. वेगळी शाखा लिहू नये.

२६ फेब्रुवारी

चढ आणि वेग मिळाले की दोन्ही अज्ञात राशी प्रत्येक प्रसरण-दरासाठी स्वतंत्रपणे, कुठलेही गृहीत न धरता निघतात:

क = २ × म × व × चढ ÷ (१ − म)
फ = २ × चढ × [१ − म × व² ÷ (१ − म)]

फ म्हणजे ऊर्जा गमावण्याचा एकूण दर. मूळ मॉडेलमध्ये तो च × व. पडताळा: चढ ०.२८६, व ०.६१९, म ०.५ घातले की फ = ०.३५, आणि ०.५७ × ०.६१९ ही ०.३५.

फ चा व शी आलेख मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा आला तर लूप तुटणे हे एकच कारण. रेषा जास्त वेगाच्या टोकाला वर वळली तर तिथे आणखी काही चालू आहे. आपली वर वळते. जलद प्रसरणात तंतू ताणलेले, संथ आणि सरळ असतात. ते लाटा जवळपास सोडत नाहीत. मंद प्रसरणात ते वेगवान आणि सुरकुतलेले.

पण ज्या टोकावरून च शुद्ध मिळायचा, त्याच टोकाला त्रुटी फुगतात. कंसातली वजाबाकी बघा: म × व²/(१ − म) ची किंमत क/(क + च) असते. वेगात सापेक्ष त्रुटी असेल तर फ मधली सापेक्ष त्रुटी तिच्या २क/च पट. प्रारण-प्रधान काळात (क ०.३५, च ०.५७) ही पट १.२, वेगात ५ टक्के चूक तर फ मध्ये ६. जलद प्रसरणात क ०.९ कडे जातो, पट ३.२ होते, आणि त्याच ५ टक्क्यांचे १६ होतात. च जर खरोखर लहान निघाला तर पट आणखी वाढेल. ६ फेब्रुवारीचा मापकांतला फरक इथे येऊन बसतो. म्हणून म ≥ ०.८५ साठी जास्त सुरुवाती चालवायच्या. मंद प्रसरणाच्या टोकाला तेवढी गरज नाही.

५ मार्च

स्थिर कोमूव्हिंग जाडीची युक्ती उत्तर बिघडवते का, हे पाहायला स = १ चा रन; १०२४³, प्रारण-प्रधान, शेवट काळ २५६ ला. शेवटची जाडी ०.७१ हवी. खऱ्या भौतिकीत मागे जाताना कोमूव्हिंग जाडी वाढते: काळ ६४ ला २.८३, आणि काळ १३ च्या सुमारास ती क्षितिजाएवढी होते, म्हणजे तंतू बनूच शकत नाहीत. म्हणून आधी स = −१ ची जोड: काळ १६ ते ६४ जाडी काळाच्या प्रमाणात ०.७१ वरून २.८३ पर्यंत वाढू द्यायची, आणि ६४ ला स = १ वर बदलायचे. कपलिंग त्या क्षणी सलग राहते, तिचा दर तुटतो. त्यामुळे बदलानंतर लगेचची आकडेवारी वगळायची. वापरण्याजोगा टप्पा फार उरत नाही. चढ स = ० च्या त्रुटीपट्टीत बसतो, एवढेच आत्ता म्हणता येते.

१२ मार्च

२०४८³ ची तयारी. डब्याची बाजू दुप्पट केली की स्मृती आठपट, आणि पायऱ्याही दुप्पट, म्हणून काम सोळापट. ६४ जीपीयू, ४×४×४, प्रत्येकावर ५१२³. कडेचा एक-बिंदूचा थर धरून ५१४³, स्मृतीत १.२ टक्के वाढ, चिंता नाही. दर पायरीला प्रत्येक बाजूने स्केलरचे २ आणि लिंकचे ३ आकडे पाठवायचे: ५१२² × ५ × ८ बाइट, म्हणजे बरोबर १० मेबीबाइट.

इथे एक सापळा. स्केलरच्या बलाला फक्त बाजूचे शेजारी लागतात, पण विद्युत क्षेत्राच्या बलातल्या चौकटींना कडेपलीकडचा तिरका शेजारीही लागतो. फक्त सहा बाजू पाठवल्या तर उपडब्यांच्या कडांवरच्या चौकटी चुकतात. एकूण ऊर्जेत हे दिसत नाही. गाऊसच्या नियमाचा नकाशा काढला की कडांच्या रेषांवर ठळक उमटते. आधी एका अक्षाचे थर पाठवायचे, मग दुसऱ्या अक्षाचे पाठवताना नुकत्याच भरलेल्या थरासकट, मग तिसऱ्याचे. तिरके शेजारी आपोआप पोहोचतात, वेगळे संदेश लागत नाहीत.

सिंगल प्रिसिजनने स्मृती निम्मी होते. पण गाऊसच्या नियमातली त्रुटी पूर्णांकनाने साचत जाते आणि ५००० हून जास्त पायऱ्यांत ती तपासणी म्हणून निरुपयोगी ठरते. डबलच ठेवले. चेकपॉइंट ६४० गिबीबाइटचा, म्हणून आलटून-पालटून दोनच जागा आणि जुना पूर्ण तपासल्याशिवाय नवा त्यावर लिहायचा नाही. वळसा संख्या व मापक रनच्या आतच काढायचे. क्षेत्रे डिस्कवर ठेवून नंतर मोजण्याचा विचार सोडला.

२० मार्च

जुळवणीचे रूप: फ = च × व + द × [क० − क(व)] चा घ घात; क(व) = क० × [१ − (प व²) चा ब घात] ÷ [१ + (प व²) चा ब घात]. क० ही क ची वेग शून्याकडे जाताना येणारी किंमत. दुसरे पद लाटांतून जाणाऱ्या ऊर्जेचे; ते शून्य वेगाला आपोआप नाहीसे होते, हे त्याचे वैशिष्ट्य.

सहा अज्ञात, अकरा दरांवर प्रत्येकी दोन मोजमापे. तरी सगळे एकदम जुळवायला टाकू नये: च आणि द एकमेकांची जागा घेतात, घ वाटेल तिकडे भटकतो. आधी क च्या आकड्यांवरून क०, प, ब. मग म ≥ ०.८५ वरून च ची मर्यादा. शेवटी सगळ्या दरांवर द आणि घ, च ला त्या मर्यादेत मोकळे ठेवून. फक्त म = ०.५ आणि २/३ वापरून जुळवणी करून पाहिली: च चे मूल्य जवळपास कुठेही बसते आणि जुळवणी तितकीच चांगली दिसते.

त्रुटी काढताना एकाच रनमधल्या वेगवेगळ्या काळांचे बिंदू स्वतंत्र मानायचे नाहीत. पुनर्नमुना घ्यायचा तो अख्ख्या रनचा.

१०२४³ वर च ची मध्यवर्ती किंमत ०.५७ च्या स्पष्टपणे खाली आहे आणि द शून्यापासून दूर. ती ०.२३ ला भिडते का, हे म = ०.९५ च्या वेगावर अडले आहे. २०४८³ रांगेत लावताना क्रम म = ०.९५, ०.९, ०.८५, मग ०.५, ग्रिड अंतर ०.२५ चा प्रारण-प्रधान रन त्यानंतर.